ठिपका कुठल्या गावात लावायचा?

मी सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आरोग्य सेवक आहे. आमच्याकडे डिसेंबर ते मे माकडतापाचा, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या व्हायरसच्या तापाचा सीझन, आणि नेमकी त्यातच काजूची बी गोळा करायची धांदल. घरोघरी जाऊन ताप कोणाला आहे विचारायचं, भिंतीवर तारीख टाकायची, रजिस्टर भरायचं आणि गोचिडी चावू नयेत म्हणून अंगाला लावायचं डीएमपी तेल वाटायचं. लोक बाटली घेतात आणि फळीवर ठेवून देतात. वास येतो, घामात चिकचिकतं, चार तास उन्हात वाकून बी वेचणाऱ्या बाईने ते लावावं हे एसी गाडीत बसून सांगणं सोपं आहे.

तर एक दिवस सकाळीच आशाताईंचा फोन, गावातल्या एका काकींना परत ताप आलाय. परत म्हणजे? तर दहाबारा दिवसांपूर्वी येऊन गेला होता, बाजारातल्या एका डॉक्टरांनी प्लेटलेट कमी बघून डेंग्यू म्हणून सलाईन लावलं, बरं वाटलं, बाई चार दिवसांनी परत बागेत. माकडताप काही जणांना असाच दोन हप्त्यांत येतो, मधे माणूस ठणठणीत दिसतो आणि दुसऱ्या खेपेला डोकं, मान दुखते, कधी कधी भ्रमसुद्धा होतो. मी गेलो तर काकी अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर पदर घेऊन पडलेल्या, उजेड सहन होत नव्हता. "डॉक्टरानू, डोक्या फुटता." मी डॉक्टर नाही हे इथे कोणी ऐकून घेत नाही.

पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) लॅबवाल्याने रक्त घेतलं, सिरम काढून आईसपॅकच्या डब्यातून पुण्याला एनआयव्हीकडे, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे रवाना. रिपोर्ट आला, पीसीआर (व्हायरस शोधणारी चाचणी) निगेटिव्ह, आयजीएम (अँटिबॉडीची चाचणी) पॉझिटिव्ह. इथेच गंमत आहे. व्हायरस रक्तात पहिले काही दिवसच हमखास सापडतो, नंतर अँटिबॉडी शोधावी लागते. नुसत्या पीसीआरवर थांबलो असतो तर काकी डेंग्यूतच राहिल्या असत्या, आणि बाहेर कितीजण तसे राहिलेत देव जाणे.

मग मी रजिस्टर उघडलं. पहिला ताप आला त्या आठवड्यात त्यांच्या घरासमोर माझ्याच अक्षरात "ताप: 0". आठवलं, घराला कडी होती, सगळी बागेत गेलेली. "बंद" लिहायला हवं होतं, पण बंद घरं जास्त दिसली की मीटिंगमध्ये ओरडा बसतो. म्हणून शून्य.

बागेच्या गड्याला विचारलं, माकड मेलेलं का? आधी नाही म्हणाला. चहा झाल्यावर म्हणाला, "केलडा मेल्ला, वास येऊक लागलो म्हणान पुरून टाकलंव." फॉरेस्टवाले येणार, पावडर मारणार, ऐन सीझनला गडी पळणार, म्हणून कोणी बोललं नाही. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पातेऱ्यात, पडलेल्या पानांत उतरतात, खसखशीएवढी पिल्लं, चावलेली कळतसुद्धा नाहीत. म्हणून पन्नास मीटरपर्यंत मॅलेथिऑन पावडर मारायची असते, आणि ती लगेच मारली तरच उपयोग. इथे कितीतरी दिवस उलटलेले.

आणि बाग होती ओढ्यापलीकडे, दुसऱ्या गावच्या हद्दीत. तालुक्याच्या नकाशावर पेशंटचा लाल ठिपका मात्र काकींच्या गावावर लागला, कारण पत्ता आधारकार्डवरचा. पावडर आली ती त्यांच्या अंगणात! मी साहेबांना म्हटलं, तर म्हणाले फॉरमॅटमध्ये राहण्याचं गाव आहे, चावल्याचं नाही.

१९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार २०१३च्या सुमारास केरळात वायनाडला, २०१५ला गोव्यात सत्तरीत, २०१६ला आमच्या दोडामार्गात दिसला. मोठे लोक स्लाइडवर बाण काढून दाखवतात, आजार सरकतोय म्हणून. सरकत असेलही. पण त्यातला किती भाग आजाराचा आणि किती रक्त घ्यायला सुरुवात केल्याचा, हे मला माझं रजिस्टर बघून विचारावंसं वाटतं. आमचे निम्मे सिरियस पेशंट तर बांबोळीचं मोठं सरकारी हॉस्पिटल जवळ म्हणून गोव्यात जातात.

काकी बऱ्या झाल्या, पण महिनाभर जिना चढवेना. मी मात्र शिल्लक पावडरची अर्धी गोणी मोटरसायकलवर टाकून ओढ्यापलीकडे गेलो आणि पुरलेल्या जागेभोवती मारली, कागदावर न दाखवता. त्या गावाचा आकडा अजून शून्यच आहे.