दाजींची खरेदी

"नऊ एमएम दाखवा," बेळगावच्या बंदुकांच्या दुकानात दाजी ऐटीत म्हणाले. दुकानदार हसलाच. "प्रोहिबिटेड बोअर हो ते, म्हणजे बंदी असलेल्या मापाचं. साध्या लायसनवर नाही मिळत. पॉइंट बत्तीस बोअरचं बघा की."

मग पिस्तूल की रिव्हॉल्वर, यात अर्धी दुपार गेली. दोन्ही बत्तीसचीच, पण काडतुसं वेगळी; याचं त्याला चालत नाही. माझं मत रिव्हॉल्वरला. गोळ्यांची सहा घरं, पिस्तुलासारखी वरची स्लाइड मागे ओढायची भानगड नाही. ट्रिगर तेवढा जड.

एवढ्यात दुकानदारानं विचारलं, "घरात लहान पोरं हाईत काय? कुलपाचं कपाट?"

दाजी गप्प.

खानापूरकडच्या त्यांच्या उसात रानडुकरं घुसतात, पण त्यासाठी हे हत्यार कुचकामी. निवडणूक आली की बहुधा ठाण्यात जमा करायचं, ते वेगळंच. मग घ्यायचंय कशाला? लग्नात कमरेला दिसावं म्हणून? आणि ताईला विचारलंय का कुणी?