पाफोसचा तांदळा

सायप्रसच्या सहलीत ग्रीकांची सौंदर्यदेवी अ‍ॅफ्रोडाइटीचं मंदिर आहे म्हटल्यावर मंडळी मनात एक चित्र घेऊनच येतात: शिंपल्यात उभी असलेली सोनेरी केसांची तरुणी. ते चित्र बोत्तिचेल्ली या चित्रकाराचं, इटलीतलं, पंधराव्या शतकातलं. म्हणून टूर मॅनेजर या नात्याने मी कूक्लिया गाव यायच्या आधीच बसमध्ये हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीने सांगितलेली कथा सांगते, आडपडदा न ठेवता. क्रोनसने आपल्या बापाचं, आकाशदेव युरेनसचं, लिंग विळ्याने छाटून समुद्रात फेकलं. त्याभोवती फेस जमला आणि त्या फेसातून देवी जन्मली. ती सायप्रसच्या किनाऱ्याला लागली, आणि तिची पावलं पडली तिथे गवत उगवलं. शिंपल्याचा त्यात उल्लेखच नाही.

त्या दिवशीच्या गटात यवतमाळकडच्या एक मावशी होत्या. मुलगा-सुनेबरोबर आलेल्या, फार न बोलणाऱ्या.

कूक्लिया म्हणजेच जुनं पाफोस. इसवी सन पूर्व 12 व्या शतकापासून पार रोमन काळापर्यंत इथे पूजा चालली. 1980 पासून ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण डोळ्यांना दिसतात ते थोडे प्रचंड दगड, भिंतींचे पाये आणि ऊन. ‘एवढंच?’ हे तोंडावर वाचता येतं. मी सगळ्यांना बाजूच्या जुन्या गढीतल्या संग्रहालयात नेलं.

तिथे एक काळपट दगड आहे. माणसाच्या कमरेच्या वर येईल एवढा, खाली रुंद आणि वर निमुळता. नाक नाही, डोळे नाहीत, छिन्नीने कोरलेली एक रेघ नाही. साऱ्या ग्रीक जगात रूपासाठी गाजलेल्या देवीची पूजा तिच्या सर्वांत मोठ्या स्थानी याच रूपात होत असे. रोमन काळातल्या नाण्यांवरही गाभाऱ्यात हाच आकार दिसतो.

मी हे सांगत असतानाच मावशी पुढे आल्या. चपला बाजूला काढल्या, हात जोडले आणि मला म्हणाल्या, “अगं पोरी, हा तर तांदळा! आमच्या माहूरच्या रेणुकामातेसारखा. नुसता शेंदूर तेवढा नाही.”

मागे रेंगाळणारी मंडळीही आता दगडाभोवती गोळा झाली. प्रश्न सुरू झाले. नैवेद्य काय? बळी देत का? टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलंय, ते मी सांगितलं: बळी नर पशूचा, पण वेदीवर रक्त सांडायचं नाही, तिथे फक्त प्रार्थना आणि शुद्ध अग्नी. इसवी सन 69 मध्ये टायटस, पुढे रोमचा सम्राट झाला तो, इथे थांबला आणि आपला समुद्रप्रवास नीट होईल का, असं त्याने देवीला विचारलं.

“म्हणजे कौल लावला,” गटातले एक मालवणचे काका लगेच म्हणाले.

कौलच तो. अनुकूल मिळाल्यावर त्याने स्वतःच्या भवितव्याचंही विचारून घेतलं.

नायडोस या ग्रीक शहरातली, प्रॅक्सिटेलीस या शिल्पकाराने घडवलेली याच देवीची नग्न मूर्ती पाहायला लोक समुद्र ओलांडून जात. तिच्या नकला गावोगावी झाल्या. पाफोसने मात्र आपला दगड बदलला नाही. मला पाफोसकरांचा हा निग्रह फार मोठा वाटतो. सौंदर्याला त्यांनी एका चेहऱ्यात अडकवलं नाही. बाहेर आल्यावर मी मर्टलचं एक पान चुरगळून सगळ्यांना वास घ्यायला दिलं. गुलाब, कबुतर आणि हे झुडूप, तिन्ही तिची.

बसमध्ये मी ग्रीक महाकवी होमरची गोष्ट घेतली. देवीचा नवरा हिफेस्टस, देवांचा लोहार. त्याने न दिसणारं जाळं विणून तिला तिच्या प्रियकराबरोबर, युद्धदेव एरेसबरोबर, पकडलं आणि सगळ्या देवांना बोलावून दाखवलं. सुटका होताच ती थेट पाफोसला आली. तिथे सख्यांनी तिला न्हाऊ घातलं, सुगंधी तेल लावलं, नवी वस्त्रं नेसवली.

“माहेरी आली बिचारी,” मावशी म्हणाल्या.

एरेस थ्रेसला निघून गेला. हिफेस्टसचं पुढे काय झालं, ते होमर तिथे सांगत नाही. आमच्या बसमध्ये मात्र, देवी जिथे किनाऱ्याला लागली म्हणतात ते पेत्रा तू रोमिऊचे खडक दिसेपर्यंत तोच विषय चालला होता, आणि मावशी सगळ्यांत जास्त बोलत होत्या.