धूळ शिरणारा कॅमेरा घ्यावा का?

अजिंठ्याच्या चित्रांसमोर फ्लॅश वापरण्यास मनाई असल्यामुळे, अंधुक उजेडातही काम देणारा, मोठ्या सेन्सरचा (म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागाचा) आणि तरी खिशात मावणारा कॅमेरा मला हवा आहे. पसंत पडलेल्या कॅमेऱ्याचा दोष मात्र सर्वांना ठाऊक आहे: लेन्स आत-बाहेर होताना हवेबरोबर धूळ ओढली जाऊन सेन्सरवर बसते, आणि लेन्स निघत नसल्याने ती घरी साफ करता येत नाही. आमच्या मराठवाड्यात तर उन्हाळ्यातला फुफाटा बंद कपाटातही शिरतो. तरीही धुळीचे हे डाग लेन्सचे प्रकाश आत सोडणारे छिद्र एफ/१६ इतके लहान असताना, निरभ्र आकाशात ठळक उमटतात, लेण्यांत एफ/२.८ सारख्या मोठ्या छिद्रावर ते जवळजवळ दिसत नाहीत, आणि माझी बहुतेक छायाचित्रे तिथलीच असणार. सेन्सरची सफाई वॉरंटीत धरली जाईल, असे दुकानदाराने लेखी दिले तरच मी तो घेईन.