भिगवणची एका डोळ्याची चिलापी

जानेवारीत उजनी धरणाच्या पाण्याकाठी, भिगवणला जाणाऱ्या प्रत्येकाला फ्लेमिंगो हवे असतात. आम्हालाही हवे होते. ते लांबवर धुक्यात गुलाबी ठिपक्यांएवढे दिसले, आणि तो विषय तिथेच मिटला.

कुंभारगावच्या काठावरून नाव सुटली तेव्हा सात वाजले होते. नाववाले मामा पर्यटक फिरवतात आणि मासेही धरतात. वडिलांची शेती उजनीच्या पाण्याखाली गेली, तेव्हापासून घरात जाळं आलं. "सर, काल संध्याकाळी टाकलंय, वाटेतच आहे. उचलू का?"

जाळं वर यायला लागलं आणि कुठून कुठून कुरव, म्हणजे सीगल, गोळा झाले. नाव तपकिरी डोक्याचा कुरव, पण हिवाळ्यात डोकं पांढरंच. डोळ्यामागे तेवढा एक काळसर डाग. लडाख-तिबेटच्या तळ्यांकडची ही मंडळी आमच्या कानाजवळून झेपावत जाळ्यातली चिलापी (तिलापिया मासे) उपटत होती. मी बटणावरचं बोट उचललंच नाही. "वा! काय फोटो मिळाला!"

मामांनी काही न बोलता एक मासा माझ्यापुढे धरला. तळहाताएवढा. एक डोळा गायब, पोट टोचून फोडलेलं.

"असल्या मालाला व्यापारी हात लावत नाही."

मी कॅमेरा खाली ठेवला. (दोन मिनिटांनी परत उचलला, खोटं कशाला बोलू?)

"हे कुरव बरे, दिसतात तरी. पाणकावळा खालनं येतो. मासा ओढतो, जाळंही फाडतो."

आणि पुढच्या बोयाजवळ तोच निघाला. मान जाळ्याच्या तंगुसात, नायलॉनच्या दोऱ्यात, गुरफटलेली, चोच उघडी, जेमतेम पाण्यावर. मी म्हटलं, आता हे त्याची मान पिरगाळणार. मामांनी एका हाताने चोच मिटून धरली, दुसऱ्या हाताने खिशातलं ब्लेड काढलं आणि दोरे कापत गेले. जाळ्याला वीतभर खिंडार पडलं. सुटता सुटता त्याने मनगटावर टोच मारलीच. मामांनी त्याला एक सणसणीत शिवी दिली. तो फडफडत जाऊन एका बुडक्या बाभळीच्या खोडावर बसला आणि भिजलेले पंख पसरून वाळवू लागला. पाणकावळ्याची पिसं भिजतात, म्हणून बुडी सोपी जाते. नंतर मात्र असं ऊन खात बसावं लागतं.

दुपारी जेवण मामांच्याच घरी होतं. भाकरी, रस्सा, तळलेली चिलापी. पोट तर कापायचंच असतं, त्यामुळे तिथे काही कळलं नाही. पण माझ्या ताटातल्या माशाला डोळा एकच होता.