दिवाळीत नको, मे महिन्यात: बातिक, सोंगकेत आणि कापूस नावाचं बेट

मलेशियाला गेलेली आपली बहुतेक मंडळी क्वालालंपूरचे जुळे मनोरे, बातू गुहा आणि लंकावी एवढं करून परततात. हा लेख दुसऱ्या बाजूचा, द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केलांतान आणि तेरेंगानू या दोन राज्यांचा आहे. मलय हस्तकला इथे अजून घराच्या ओसरीवर चालते, आणि त्याच ओसरीपासून तासा-दीड तासावर बेटांकडे जाणाऱ्या बोटींचे धक्के आहेत. केलांतानची राजधानी कोता भारूपासून सुरुवात करून किनाऱ्याने खाली मारांगपर्यंत यायचं, हा क्रम मला सगळ्यात सोयीचा वाटतो. सात दिवस हवेत, पाचात ओढाताण होते.

आधी पावसाचं बघू, कारण सगळी गणितं तिथेच चुकतात. या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस नोव्हेंबर ते फेब्रुवारी पडतो. त्या काळात समुद्र खवळलेला असतो, बोटी बंद पडतात आणि बेटांवरची बहुतेक हॉटेलं कुलूप लावून मोकळी होतात. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत तिकिटं काढलीत तर बेटं विसरा. उलट मे महिन्याची शाळेची सुट्टी इथे उत्तम, आणि कोकणात पाऊस कोसळत असतो ते जून-जुलैही चांगले. आपला समुद्र नारळी पौर्णिमेला उघडतो, यांचा साधारण मार्चमध्ये. दिवाळीशिवाय रजाच नसेल तर लंकावीच बरं. ते पश्चिमेला असल्याने या पावसाच्या तडाख्यातून बरंचसं सुटतं.

दुसरी गोष्ट वारांची. या दोन्ही राज्यांत साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. शुक्रवारी दुपारी बाजार ओस पडतो, कारखाने बंद असतात. रविवार मात्र कामाचा दिवस, त्यामुळे कारागिरांना भेटायचं असेल तर रविवार ते गुरुवार. रमजानात दिवसा खानावळी बंद असतात, तेही तारखा ठरवताना बघा. भारतीयांना सध्या ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण ही सवलत मुदतीची आहे, निघण्याआधी तपासा. डिजिटल आगमनपत्र मात्र पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. क्वालालंपूरहून कोता भारूचं विमान तासाभराचं.

कोता भारूत पहिल्या सकाळी सिती खदिजा बाजार. विक्रेत्या जवळजवळ सगळ्या बायका, आणि भाव करण्यात पक्क्या. खालच्या मजल्यावर भाजी-मासळी, वर कापड. तिथे लगेच बातिक (मेणाने नक्षी काढून रंगवलेलं कापड) घेऊ नका, आधी ते बनताना बघा. शहरातल्या हस्तकला ग्रामात किंवा किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पनांबांग गावात कारखाने आहेत, आणि काही ठिकाणी स्वतः रुमालाएवढं कापड रंगवून बघता येतं.

हाताने काढलेल्या बातिकची रीत अशी. पांढरं सुती किंवा रेशमी कापड लाकडी चौकटीवर ताणून बांधतात. पॅराफिन मेण आणि राळ एकत्र वितळवतात. नुसतं पॅराफिन ठिसूळ, वाळलं की तडकतं. राळेमुळे चिकटपणा येतो, पण ती जास्त झाली तर शेवटी मेण सुटता सुटत नाही. हे गरम मेण चांतिंग नावाच्या, तांब्याच्या छोट्या वाटीला चोच असलेल्या लेखणीत घेऊन नक्षीची बाह्यरेषा काढतात. मग त्या रेषांच्या आत कुंचल्याने रंग भरायचा. मेणाची भिंत रंगाला पलीकडे जाऊ देत नाही. रंग वाळला की वरून सोडियम सिलिकेटचा हात देऊन काही तास, बरेचदा रात्रभर ठेवतात, म्हणजे रंग पक्का बसतो. नंतर धुवायचं, आणि धुण्याचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात बुडवून मेण काढायचं. मेण होतं तिथे पांढरी रेघ उरते.

नवशिक्याच्या हातून चूक बहुतेक वेळा मेणातच होते. मेण पुरेसं तापलेलं नसेल तर ते कापडावर पिवळट, अपारदर्शक थर होऊन बसतं, आत मुरत नाही, आणि रंग खालून सरकतो. बरोबर तापलेलं मेण कापडात शिरून पारदर्शक दिसतं. कापड उलटून मागेही रेघ तशीच दिसते का ते बघायचं. जास्त तापलं तर रेघ पसरून जाड होते. हात थांबला की तिथे ठिपका पडतो, म्हणून चांतिंग सतत चालतं ठेवायचं आणि डाव्या हातात चोच टिपायला फडकं धरायचं. सगळ्यात वाईट म्हणजे रेषेत राहिलेली बारीकशी फट. रंग भरेपर्यंत ती दिसत नाही, भरल्यावर मात्र लाल पाकळी हिरव्या पानात उतरते. सिलिकेटला वेळ लागतो म्हणून हे काम कोता भारूतल्या पहिल्या दिवशी उरका, दुसऱ्या दिवशी कापड हातात मिळेल.

एकदा हे पाहिलं की बाजारातला खरा-खोटा माल आपोआप ओळखू येतो. छापील नकलेची मागची बाजू फिकट असते आणि नक्षी यंत्राने केल्यासारखी तंतोतंत तीच तीच येते. ठशाच्या बातिकमध्ये (धातूच्या पट्ट्यांचा ठसा मेणात बुडवून उठवतात) नक्षीची पुनरावृत्ती असते, पण दोन ठशांच्या सांध्यावर केसभर फरक सापडतो आणि रंग दोन्ही बाजूंना सारखा. हाताच्या कामात दोन फुलं कधीच जुळी नसतात. मला विचाराल तर रोजच्या वापराला ठशाचं सुती सारोंग (लुंगीसारखं कमरेला गुंडाळायचं वस्त्र) घ्यावं. हाताने काढलेलं रेशीम सुंदर खरं, पण त्याला जपत बसावं लागतं. पहिली धुलाई वेगळी, थंड पाण्यात. वाळवायचं सावलीत, इस्त्री उलट्या बाजूने.

पनांबांगला सोंगकेतचे, म्हणजे सोनेरी जरीच्या कापडाचे, मागही आहेत. २०२१ मध्ये युनेस्कोने मलेशियाच्या सोंगकेतला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पैठणी ओळखणाऱ्या डोळ्यांना हे कापड पटकन कळतं, पण दोन्हींचं विणणं वेगळं आहे. पैठणीत नक्षीपुरते वेगळे बाण्याचे धागे एकमेकांत अडकवून विणतात, म्हणून मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते. सोंगकेतमध्ये नेहमीच्या बाण्याखेरीज सोनेरी धागा जादाचा घालतात. ताण्याचे ठरावीक धागे उचलायचे, खालून जर न्यायची, पुन्हा साधा बाणा. असं करत नक्षी वर येते आणि मागे जरीचे मोकळे धागे तरंगत राहतात. कोणते धागे कधी उचलायचे याची ‘नोंद’ ताण्यावर दोऱ्यांच्या गाठी बांधून ठेवलेली असते, आणि धागे निवडायला नारळाच्या झावळीचे हीर वापरतात. नक्षी दाट असेल तर दिवसाकाठी काही सेंटिमीटरच कापड पुढे सरकतं.

नक्ष्यांची नावं विचाराच. पुचुक रेबुंग म्हणजे बांबूचा कोंब, त्रिकोणांची रांग. आपण वास्त्याची भाजी करतो तोच कोंब. ताम्पुक मांगिस म्हणजे मँगोस्टीनचा देठाकडचा चार पाकळ्यांचा भाग. (मँगोस्टीन आपल्या कोकमाच्याच कुळातलं फळ, आंबटपणा मात्र कोकमाकडेच राहून गेला.) कापडाच्या दाट विणलेल्या, पदरासारख्या पट्ट्याला ते केपाला म्हणतात. केपाला म्हणजे डोकं, संस्कृत कपालावरून गेलेला शब्द. भाव विचारताना ‘बरापा हार्गा’ म्हणायचं, तो हार्गाही संस्कृत अर्घाचा. शब्द ओळखीचा आहे म्हणून किंमत कमी होत नाही: पूर्ण लांबीचं हातमागाचं सोंगकेत हजारो रिंगिटांत जातं. पुरुष कमरेला गुंडाळतात तो सांपिन किंवा पर्स-पट्टीएवढा तुकडा खिशाला परवडतो. स्वस्तात पूर्ण कापड मिळत असेल तर ते यंत्रावरचं आहे असं समजा. घडी घालू नका, जर मोडते. नळीवर गुंडाळा, मध्ये मऊ सुती कापड ठेवा, अत्तर लांब.

चांदीकाम सुलताना झैनब रस्त्यावर बघता येईल, पण मी वेळ वाउला देईन. वाउ म्हणजे इथला पतंग. १९८९च्या मालिकेतल्या ५० सेनच्या नाण्यावर तो आहे. वाउ बुलानच्या खालच्या भागाला चंद्रकोरीचा आकार, शिवाय धूड माणसाच्या उंचीहून मोठं. सांगाडा बांबूचा, त्यावर चकचकीत कागदाची वेलबुट्टी कातरून थरांनी चिकटवलेली. डोक्यावर बुसूर नावाचं धनुष्य, त्याची पट्टी वाऱ्यात घुमते आणि दूरवर ऐकू येते. भात कापून शेतं मोकळी झाली की उडवायची ही चीज. विकत घेताना मधला कणा बोटावर तोलून बघा. एक पंख झुकला तर तो फक्त भिंतीचा. विमानात न्यायला हातभर लांबीचा शोभेचा वाउ आणि दोन बाजूंना पुठ्ठे, यापेक्षा मोठ्याच्या नादी लागू नका.

वायांग कुलितचा खेळ कुठे लागला असेल तर चुकवू नका. चामड्याच्या बाहुल्यांचा, पडद्यामागून दिव्याच्या उजेडात होणारा हा खेळ रामायणाचा आहे, आणि त्यातला राम हिरवा असतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तर हा मुद्दामच दाखवावा.

खाण्याचं थोडक्यात. नासी केराबूचा भात गोकर्णाच्या फुलांनी निळा केलेला असतो. शाकाहारी असाल तर सांबालपासून, म्हणजे मिरचीच्या चटणीपासून, सावध राहा, त्यात बलाचान, म्हणजे वाटलेल्या जवळ्याचा गोळा, जवळपास नेहमी असतो, भाजीतही घालतात. ‘मांस नको’ म्हटल्याने मासे वगळले जात नाहीत. ‘तान्पा इकान, तान्पा उदांग, तान्पा बलाचान’ असं मासे, कोळंबी आणि बलाचान यांची नावं घेऊन सांगावं लागतं.

पेरहेंतियान बेटांच्या बोटी सुटतात तो क्वाला बेसुतचा धक्का कोता भारूहून टॅक्सीने तास-सव्वा तास. रोख पैसे इथेच काढा. पेरहेंतियान बेटांवर एटीएम नाही असंच धरून चला. सागरी उद्यानाचं शुल्क बोटीच्या तिकिटाहून वेगळं, परदेशी माणसाला जास्त. बोट लहान आणि वेगवान, अर्धा-पाऊण तास. नाक लाटांवर आपटतं म्हणून पाठीचा त्रास असेल तर मागच्या बाकावर बसा, सामान जाड प्लास्टिक पिशवीत घाला. सकाळी समुद्र शांत असतो. दुपारनंतर पोहोचलात तर बोट मिळेलच असं नाही. काही किनाऱ्यांवर धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, तेव्हा जीन्स घालून येऊ नका.

पेरहेंतियान म्हणजे थांबा. जाणाऱ्या-येणाऱ्या व्यापारी गलबतांचा हा विसावा होता असं सांगतात. बेटं दोन: बसार म्हणजे थोरलं, कचिल म्हणजे धाकटं. मुलं-आजीआजोबा बरोबर असतील तर थोरलं. धाकट्यावरच्या लाँग बीचला तरुणांचा गलका असतो. रानातल्या पायवाटेने दहा-पंधरा मिनिटं चाललं की पलीकडे कोरल बे, तिथे सूर्यास्त. स्नॉर्कलिंगच्या बोटी तीन-चार ठिकाणी थांबतात. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला, आणि उन्हासाठीच्या मलमापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा बरा. पाठ भाजते ती पालथं पडून पाणी बघतानाच. कासव दिसलं तर बाजूला राहा, ते श्वास घ्यायला वर येतं ती वाट अडवू नका. एका माशाला मात्र खरंच घाबरायचं: टायटन ट्रिगरफिश. घरट्यावर असताना तो अंगावर येतो आणि चावतो. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंद होत जाणाऱ्या शंकूसारखी असते, म्हणून घाबरून वर जाण्यात अर्थ नाही. आडवं, बाजूला पोहत निघायचं.

पुढे तेरेंगानूची राजधानी क्वाला तेरेंगानू. इथे एका अक्षराने दिवस वाया जाऊ शकतो. मेरांग हे गाव शहराच्या उत्तरेला, रेदांग बेटाकडे जाणाऱ्यांसाठी. मारांग दक्षिणेला, कापास बेटासाठी. टॅक्सीवाल्याला गावाचं नाही, बेटाचं नाव सांगा. शहरातच पुलाने जोडलेल्या दुयोंग बेटावर चेंगाल लाकडाच्या बोटी नकाशाविना बांधल्या जात. आधी फळ्यांचं बाहेरचं कवच, मग आतल्या वांकी (बोटीच्या फासळ्या), आणि फळ्यांच्या सांध्यात गलाम झाडाची साल, जी पाण्यात फुगून फट बंद करते. आता हे काम फार थोडं उरलंय, तरी चक्कर मारायला हरकत नाही.

मारांगच्या अलीकडे रुसिला गाव लागतं, मेंगकुआंगच्या विणकामाचं. मेंगकुआंग म्हणजे आपल्या केवड्याच्याच जातीचं झाड. पानाच्या कडांचे आणि मधल्या शिरेचे काटे काढायचे, समान अंतरावर पाती बसवलेल्या अवजारातून ओढून सारख्या पट्ट्या पाडायच्या, बांबूने दाबून मऊ करायच्या, पाण्यात भिजवायच्या, उन्हात वाळवायच्या आणि मग रंगात उकळायच्या. चटई घेताना उजेडासमोर धरा, भोकं दिसली तर वीण सैल. कडा कापलेल्या नसून दुमडून आत विणलेल्या हव्यात. ओलसर वास आला तर ठेवून द्या, घरी नेईपर्यंत बुरशी धरेल. एरवीही आपल्या पावसाळ्यानंतर तिला एक कडक ऊन दाखवावं लागतंच.

रुसिलाहून मारांगचा धक्का जवळ, आणि तिथून कापास बेट पंधरा मिनिटांवर. कापास म्हणजे कापूसच, वाळूच्या रंगावरून. गाड्या नाहीत, रस्ते नाहीत, दोन दिवसांत काही करायचं नसेल तर उत्तम जागा. शिंपले किंवा पोवळ्याचा तुकडाही खिशात घालू नका, सागरी उद्यानात ते गुन्हा आहे. चटई आणि सोंगकेतची नळी बेटावर नेण्याची गरज नाही. मारांगच्या मुक्कामी ठेवायची सोय होत असेल तर ठेवून जा, परतताना उचला, आणि विमानात नळीची लांबी हातातल्या सामानाच्या मर्यादेत बसते का ते तेरेंगानूहून निघायच्या आदल्या दिवशीच मोजा.