रात्रभर पाण्यात ठेव

कुदळीचा दांडा ढिला झाला की आमच्या वडिलांचं औषध ठरलेलं. "बादलीत बुडवून ठेव रात्रभर, सकाळी घट्ट बसतोय." सांगलीत आमचं दांड्यांचं दुकान आहे. कुदळी, फावडी, खोरी, कुऱ्हाडी. गिऱ्हाईक म्हणजे तासगावकडचे द्राक्षवाले, हळदवाले, उसाच्या सरी सोडणारे. वडिलांचं हे औषध मीही पस्तीस वर्षं लोकांना सांगत आलो आणि कुणी तक्रार घेऊन आलं नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मिरजेचा एक पोरगा वेगळंच हत्यार घेऊन आला. स्टेनलेस स्टीलचं, चाळणीसारखं भोकं पाडलेलं खोल खोरं, मागं दीड इंची नळी. रत्नागिरीत नोकरीला आहे, सुट्टीला धातू शोधायचं यंत्र घेऊन किनाऱ्यावर फिरतो. यंत्र वाजलं की हे खोरं पायानं ओल्या वाळूत दाबायचं, उचकटून वर काढायचं, पाण्यात हलवायचं. वाळू गळून जाते, अंगठी राहते. बऱ्याचदा अंगठीऐवजी बाटलीचं बूच. समुद्रात उतरलेल्या लोकांचं बोटातलं निसटतं, मग याला फोन येतो. जमिनीत दडलेलं १० रुपयांच्या वरचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, असा १८७८ चा कायदा आहे, हेही त्यानंच सांगितलं. १० रुपयांत आता चहासुद्धा मोजून मिळतो, पण कायदा आहे.

मी बाभळीचा चार फुटी दांडा केला. नळीत ठोकून घट्ट बसवला, दोन लोखंडी बोल्ट आरपार मारले आणि वर चपडा लाखेचं पॉलिश दिलं. उमेदीत दोन वर्षं मिरजेच्या सतारमेकर गल्लीत काढलीत, त्यामुळं पॉलिशला हात चांगला आहे. दांडा असा चमकत होता की पोरानं आधी फोटो काढला, मग पैसे दिले.

एप्रिलच्या एका रविवारी तो दोन तुकडे घेऊन दारात उभा.

"मामा, दांडा गेला की ओ."

"असा कसा गेला? बाभूळ हाय ती!"

खोरं शेगड्यात, म्हणजे टेबलाच्या लोखंडी पकडीत, धरलं. नट गंजून गोळा झाले होते, पान्याला दाद देईनात. स्टेनलेस आणि साधं लोखंड खाऱ्या पाण्यात एकत्र आले की लोखंड आधी मरतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. बोल्ट कापून काढले आणि नळीतला तुकडा बाहेर काढायला हातोडी उचलली, तर खोरं नुसतं तिरकं केल्यावर तो घरंगळत खाली पडला. मागोमाग काळं पाणी आलं. दौत सांडल्यासारखं. बाभळीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, म्हणून तर कातडी कमवायला तिची साल लागते. त्याची लोखंडाशी गाठ पडली की शाईच होते.

पण मला खटकलं ते तुकड्याचं घरंगळणं. ठोकून बसवलेलं लाकूड पाण्यात राहून फुगायला हवं. हे तर बारीक झालं होतं.

"मध्ये ढिला झाला होता का?"

"झाला होता की. तुम्हाला फोन केला, तुम्हीच म्हणाला रात्रभर पाण्यात ठेव. दोनदा ठेवला."

मी गप्प बसलो. चहा मागवला.

लाकूड लांबीत फुगत नाही म्हटलं तरी चालेल, ते जाडीत फुगतं. कुदळीत दांडा एकदा फुगवला की उन्हाच्या शेतात तो महिनाभर तरी काम देतो, आणि पुन्हा ढिला झाला तर बादली आहेच. सांगलीत वर्षाचा पाऊस ५००-६०० मिलिमीटर. रत्नागिरीत ३,००० च्या वर, आणि हा तर दांडा थेट समुद्रात घालतो. पोलादी नळीत लाकूड फुगलं की त्याला सरकायला जागा नसते, मग आतले धागे आपसांत चेंगरतात. वाळलं की ते आधीपेक्षा बारीक होऊन बसतं. पुन्हा भिजवा, पुन्हा चेंगरा. मी सांगितलेला उपाय दर खेपेला दांडा थोडा थोडा मारत होता. कुदळीच्या दांड्याचंही आतून हेच होत असणार, फक्त तो एवढा भिजत नाही आणि शेतकरी बोलत नाही.

त्यात नळीचं बूड बंद. दांड्याचं कापलेलं टोक कायम पाण्यात, आणि लाकूड पाणी पितं ते टोकानं. मोडला होता वरच्या बोल्टच्या भोकाशी. नळीच्या तोंडापासून जेमतेम अर्धा इंच खाली भोक मीच पाडलेलं. उचकटताना सगळा जोर तिथंच येतो. लाखेच्या पॉलिशबद्दल काय सांगू, कोड फुटल्यासारखं पांढरं पडलं होतं.

"सागवानी करा आता," पोरगा म्हणाला. मी ऐकलं नाही. त्याच बाभळीच्या ओंडक्यातला, नस टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेला तुकडा काढला. चूक लाकडाची नव्हती.

या खेपेला नळीच्या बुडाला भोक पाडलं, पाणी निघून जायला. तोंडाची आतली धार कानशीनं गोल केली. टोक नळीपेक्षा चारी बाजूंनी मिलिमीटरभर बारीक रंधलं. बोल्टच्या भोकांची युक्ती पोरानं आणली होती, मिरकरवाडा बंदरावर होड्या करणाऱ्या सुताराकडून. भोक बोल्टच्या दीडपट पाडायचं, एपॉक्सीनं, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या चिकट राळेनं, भरायचं, ते दगडासारखं झालं की त्यातून बोल्टच्या मापाचं भोक पुन्हा पाडायचं. बोल्ट कोऱ्या लाकडाला शिवतच नाही. दोन्ही भोकं नळीत खोल घेतली, बोल्ट खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. कापलेल्या टोकाला एपॉक्सीचे तीन हात. फटीत ट्रकच्या काचा बसवायचं काळं सिलंट भरलं. ते रबरासारखं राहतं, लाकडाला हलायला जागा देतं.

वरच्या भागाला पॉलिश नाही. वाळूनं ते सोलणारच, आणि सोललेल्या जागेतून पाणी आत जाऊन बसणार. रंगाच्या दुकानातलं बेलतेल, म्हणजे जवसाचं उकळलेलं तेल, पातळ पातळ पाच हात. एक हात पुरता वाळला की दुसरा. महिन्या-दोन महिन्यांनी त्यानं स्वतः पुन्हा द्यायचं.

पहिला हात दिला त्या संध्याकाळी चिंध्या चुरगाळून भुश्शाच्या पाटीत टाकल्या आणि शटर ओढलं. चष्मा विसरला म्हणून तासाभरानं परत आलो तर दुकानात करपल्याचा वास. चिंध्यांतून धूर येत होता, हाताला चटका बसला. काडी नाही, विडी नाही. हे तेल वाळताना गरम होतं आणि चुरगाळलेल्या कापडातून ती गरमी बाहेर पडत नाही. पाटीसकट रस्त्यावर आणून पाणी ओतलं. मागं सगळं सुकं लाकूड रचलेलं. त्या रात्री झोप लागली नाही. आता तेलाची चिंधी मोकळी पसरून बाहेर तारेवर वाळत घालतो. बायको म्हणते, दारात काय ही लक्तरं.

पोरगा दिवाळीत दांडा दाखवायला आला. करडा पडला होता, नळीत मात्र तसूभर हलत नव्हता. तो बसलेला असतानाच कवठे महांकाळचे एक म्हातारबाबा ढिली कुदळ घेऊन आले. मी पाचर शोधायला लागलो. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, कोपऱ्यातली बादली ओढली आणि कुदळ आत उभी केली.

"तुझा बा काय म्हणायचा, विसरला व्हय?"

पोरगा हसायला लागला. मी बादलीत अजून थोडं पाणी ओतलं.