‘/बूट’ भरलं म्हणून लगेच फायली उडवू नका

बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या डीटीपीच्या दुकानांतले संगणक मी बघतो. पत्रिका, अर्ज, पावत्या मराठीतही लागतात नि कन्नडमध्येही. दोन्हींचे कीबोर्ड उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आयतेच मिळतात, म्हणून बऱ्याच जणांना तेच घालून दिलंय. पावसाळ्यात हमखास फोन येतो, “दादा, अपडेटच होईना झालंय, जागा नाही म्हणतंय.”

डिस्क रिकामी असते, भरलेलं असतं ते ‘/बूट’, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फायलींचा कप्पा. डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करून उबुंटू टाकलं की या ‘/बूट’चं छोटं वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, पडतं. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा; प्रत्येक नवा कर्नल तिथं व्हीएमलिनझ (खुद्द कर्नलची फाइल), सिस्टिम-मॅप, कॉन्फिग आणि इनिटआरडी (मशीन उठताना आधी लागणारी फाइल) ठेवतो. यांत सगळ्यांत जड इनिटआरडी.

नंदगडच्या दुकानात तेच झालेलं. ताई म्हणाल्या, “जुन्या फायली डिलीट करून टाका की!” तेवढंच मी करत नाही. फाइल हातानं उडवली तरी पॅकेजच्या (बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या) नोंदीत कर्नल शिल्लकच राहतो, आणि ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना येणाऱ्या, यादीत त्याचं नावही. उद्या कुणी ते नाव निवडलं तर मशीन उठणार नाही. त्याच मशीनवर शाळेच्या प्रवेशाचे अर्ज भरायचे असतात, पोरं रांगेत उभी असतात. तिथं घाई परवडत नाही.

आधी ‘यूनेम -आर’ या कमांडनं चालू कर्नल बघायचा, त्याला हात लावायचा नाही. मग संशय असलेल्या प्रत्येक फाइलबद्दल ‘डीपीकेजी -एस’ला (एस कॅपिटल) विचारायचं, ही कुठल्या पॅकेजची? व्हीएमलिनझचा मालक सापडला, तर ती पॅकेजमार्फतच काढायची: ‘एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’, म्हणजे नको झालेली पॅकेजं सेटिंगसकट काढणारी कमांड. त्यात इनिटआरडीही जाते आणि ग्रबची यादीही आपोआप नवी होते. इनिटआरडी मात्र मशीनवरच तयार होते, तिला मालक दाखवत नाही. म्हणून तिची आवृत्ती बसवलेल्या कर्नलांशी जुळवून बघायची.

नंदगडला एपीटीच अडून बसलं होतं, कारण नव्या कर्नलची बसवणी अर्धवट. ‘/बूट’मध्ये एका इनिटआरडीच्या नावापुढे ‘डॉट न्यू’ दिसलं. ही फाइल आधी अशा नावानं लिहिली जाते, पूर्ण झाली की नाव बदलतं. मधेच वीज गेली तर तशीच पडून राहते, आणि खानापूर तालुक्यात पाऊस लागला की वीज जातेच. ती अर्धवट फाइल बिनधास्त हातानं काढली. मोकळ्या झालेल्या जागेत अर्धवट बसवणी पुरी करणारं ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ सुरळीत झालं, मग ऑटोरिमूव्हही चाललं.

पॅकेजांच्या यादीत अजून ‘आरसी’ खुणेची पॅकेजं होती, म्हणजे कर्नल गेलाय, पण त्याच्या सेटिंगच्या फायली उरल्यात. तीही पर्ज केली.

एक मागचा कर्नल मात्र मी ठेवतोच, ताईंनी कितीही म्हटलं तरी. नव्या कर्नलनं प्रिंटर किंवा वायफाय धरलं नाही तर ग्रबच्या ॲडव्हान्स्ड यादीतून जुना निवडता येतो. दोन्ही कर्नलांवरून मशीन उठवून ताईंना दाखवलं, तोवर झेरॉक्सला गिऱ्हाईक आलंच.